लाप्लासची उघडी मूठ

देव आहे की नाही या वादाला आपल्याकडे तोंड फुटलं, की थोड्याच वेळात प्येर-सिमों लाप्लास हा फ्रेंच गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला जातो. नास्तिक बाजू त्याचं नेपोलियनला दिलेलं उत्तर सांगते: 'मला त्या गृहीतकाची गरज पडली नाही.' आस्तिक बाजू म्हणते, तुमचा हा लाप्लास विश्वाचं सारं भविष्य गणितानं सांगता येतं म्हणत होता, क्वांटम भौतिकीनं त्याला खोटं पाडलं, तेव्हा विज्ञानाचा तोरा आता पुरे. मग कुणीतरी अभिमानानं त्याच लाप्लासचं दुसरं वाक्य पुढे करतं, की दहा चिन्हांत सगळ्या संख्या लिहिण्याची युक्ती जगाला भारतानं दिली. काही आठवड्यांपूर्वी एका व्याख्यानानंतरच्या चर्चेत हे तिन्ही प्रकार मी एकाच संध्याकाळी ऐकले. आयुष्याची बरीच वर्षं मी संख्याशास्त्र शिकवलं आहे. लाप्लासची सूत्रं फळ्यावर लिहिताना जो माणूस मला दिसत आला, तो त्या सभागृहात कुणाच्याच बोलण्यात नव्हता, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटलं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. लाप्लासला निश्चिततेचा वकील समजून आपण त्याच्या नावानं भांडतो, त्यामुळे त्याचं सगळ्यांत मोठं काम झाकलं जातं. आपल्याला किती कळलेलं नाही हे आकड्यात मांडायचं, आणि तो आकडा चारचौघांत पैजेसारखा ठेवायचा, ही रीत त्यानं घालून दिली. 'विज्ञानाला सगळं कळतं' आणि 'विज्ञानाला काहीच नक्की सांगता येत नाही' या दोन आरोळ्यांमध्ये अडकलेल्या आपल्या सार्वजनिक चर्चेला आज नेमकी त्याच रीतीची गरज आहे.

नेपोलियनच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तिथेच गाडी पहिल्यांदा रुळावरून घसरते. या भेटीची त्या काळाला सर्वांत जवळची नोंद विल्यम हर्शल या खगोलशास्त्रज्ञाच्या रोजनिशीत आहे. ८ ऑगस्ट १८०२ रोजी पॅरिसजवळच्या माल्मेझोंच्या बागेत हर्शल, लाप्लास आणि नेपोलियन एकत्र होते. आकाशाच्या विस्ताराचं बोलणं चाललं असताना, हे सारं कुणी केलं, असं नेपोलियननं विचारलं. नैसर्गिक कारणांच्या साखळीनं या व्यवस्थेची घडण आणि तिचं टिकणं समजावता येतं, हे लाप्लास दाखवू पाहत होता आणि नेपोलियनला ते फारसं पटलं नाही, असं हर्शल लिहितो. ते चमकदार वाक्य त्यात नाही. ते पुढच्या लोकांच्या लिखाणातून आपल्यापर्यंत आलं. एर्व्हे फाय या खगोलशास्त्रज्ञानं १८८४ मध्ये लिहिलं, की ही आख्यायिका एका चरित्रलेखात छापली जाणार असल्याचं कळल्यावर लाप्लासनं ती काढून टाकावी अशी इच्छा मरणापूर्वी व्यक्त केली होती. फायला हे आरागो या शास्त्रज्ञानं सांगितलं होतं. म्हणजे ज्या वाक्यावर आपण सभा गाजवतो, ते बोलणाऱ्याला स्वतःलाच नकोसं झालं होतं, असं सांगणारा पुरावा मूळ वाक्याच्या पुराव्याइतकाच बळकट आहे.

तरीही समजा, तो तसं बोलला. मग 'ते गृहीतक' म्हणजे कोणतं? न्यूटननं आपल्या प्रकाशशास्त्रावरच्या ग्रंथाच्या अखेरीस लिहिलं होतं, की ग्रह आणि धूमकेतू एकमेकांना ओढत राहिल्यानं त्यांच्या गतींतले बिघाड साचत जातील आणि एक दिवस या व्यवस्थेची दुरुस्ती करावी लागेल. दुरुस्ती कोण करणार, हे सांगायची त्या काळी गरज नव्हती. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सनं १७१५ मध्येच यावर टीका केली होती, की न्यूटनच्या देवाला आपलं घड्याळ अधूनमधून किल्ली द्यावी लागते, म्हणजे तो कारागीर कच्चा म्हणायचा. हा वाद हवेतला नव्हता. गुरूची गती वाढते आहे आणि शनीची मंदावते आहे, हे जुन्या-नव्या निरीक्षणांच्या तुलनेतून खगोलशास्त्रज्ञ हॅलीच्या काळापासून दिसत होतं. हे असंच चालू राहिलं तर गुरू सूर्याकडे सरकत जाणार आणि शनी हातचा सुटणार. ऑयलर आणि लाग्रांज यांच्यासारख्या गणितींनी या कोड्यावर वर्षं घालवली होती आणि ते सुटलं नव्हतं.

लाप्लासनं ते १७८५ मध्ये सोडवलं. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात, शनीला २९.४६. गुरूच्या पाच फेऱ्या म्हणजे ५९.३ वर्षं आणि शनीच्या दोन फेऱ्या म्हणजे ५८.९. हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत, पण पुरते सारखे नाहीत, आणि सगळी गोम त्या उरलेल्या फरकात आहे. दर साठेक वर्षांनी दोघं जवळपास त्याच जागी भेटतात, एकमेकांना त्याच दिशेनं किंचित ओढतात, आणि हे किंचित ओढणं शतकानुशतकं साचत जातं. भेटीची जागा मात्र हळूहळू सरकते, त्यामुळे सुमारे नऊशे वर्षांत चक्र पुरं होऊन ओढ उलटते. साचलेलं परत फिटतं. या चक्रात शनी आपल्या सरासरी जागेपासून ४९ कलांपर्यंत पुढेमागे होतो, म्हणजे आकाशात पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या दीडपट. वर्गात हे समजावून सांगताना दरवेळी मी थोडा थांबत असे. दोन पूर्णांकांच्या जवळ येण्यातून एवढी मोठी भीती निर्माण व्हावी आणि त्याच दोन आकड्यांनी ती दूरही करावी, याचं आश्चर्य अजून ओसरलेलं नाही.

तेव्हा त्याला गरज पडली नाही ती किल्ली देणाऱ्या हाताची, ग्रहांच्या या एका प्रश्नापुरती. सोळाव्या वर्षी धर्मशास्त्र शिकायला कां विद्यापीठात पाठवलेला आणि तिथून गणिताकडे वळून पॅरिसला ज्येष्ठ गणिती दालांबेरच्या दारात उभा राहिलेला हा नॉर्मंडीचा मुलगा पुढे श्रद्धावंत राहिला नाही, हे मला मान्य आहे. त्याच्या लिखाणात देवाला कारण म्हणून कुठेच स्थान नाही, आणि नास्तिक मंडळी त्याला आपला मानतात त्यात तथ्य आहे. पण गुरू-शनीच्या कोड्याचं उत्तर म्हणजे देव नसल्याची सिद्धता नव्हे, आणि तसा दावा त्यानं केलाही नाही. एखाद्या विहिरीला पाणी कुठून येतं हे भूजलाच्या अभ्यासानं दाखवलं, तर त्या विहिरीवरच्या देवळाचं काय करायचं हा प्रश्न सुटत नाही. एवढंच कळतं, की पाण्यासाठी नवस बोलायचं कारण नव्हतं. हे 'एवढंच' फार मोठं आहे. त्याला आणखी फुगवायची गरज काय?

आता दुसरी साक्ष. १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संभाव्यतेवरच्या निबंधाच्या सुरुवातीला लाप्लासनं एका बुद्धीची कल्पना मांडली. एका क्षणी निसर्गातली सारी बलं आणि प्रत्येक कणाची जागा जिला ठाऊक आहे आणि हे सारं गणितात बसवण्याइतकी जिची कुवत आहे, अशा बुद्धीला काहीच अनिश्चित उरणार नाही, भूत आणि भविष्य तिच्या डोळ्यांपुढे असेल. 'लाप्लासचा राक्षस' म्हणून हीच कल्पना प्रसिद्ध आहे, पण राक्षस हा शब्द लाप्लासचा नाही, तो पुढच्यांनी चिकटवला. या उताऱ्यावरून आपल्याकडचे काही जण थेट सटवाईपर्यंत जातात: पाचवीच्या रात्री ती कपाळावर जे लिहून जाते तेच घडतं, आणि पाहा, पाश्चात्त्य गणितीही तेच म्हणाला!

तो तेच म्हणाला नाही. सटवाईच्या लेखात माणसानं काहीही केलं तरी शेवट ठरलेला असतो. राजानं मुलीला सात भिंतींआड ठेवलं तरी साप तिथे पोचतोच. लाप्लासच्या जगात भिंत बांधली की पुढचं सगळं बदलतं, कारण भिंत हेही एक कारण आहे. दैववाद कारणांना निरर्थक ठरवतो, तर लाप्लासचा कार्यकारणभाव कारणांवाचून दुसरं काही मानतच नाही. धूमकेतूंचं उदाहरण त्यानं त्याच पानांत दिलं आहे. १४५६ मध्ये लांब शेपटीचा धूमकेतू दिसला तेव्हा तुर्कांच्या विजयांनी आधीच हादरलेला युरोप भयभीत झाला आणि प्रार्थना झाल्या. तोच धूमकेतू १५३१, १६०७ आणि १६८२ मध्ये येऊन गेला. हॅलीनं तो परतणार असं सांगितलं. फ्रेंच गणिती क्लेरोनं गुरू आणि शनीच्या ओढीचा हिशेब करून १७५९ च्या एप्रिलच्या मध्याची वेळ दिली आणि महिनाभर मागेपुढे होऊ शकेल असंही सांगून ठेवलं. त्या हिशेबातली प्रचंड आकडेमोड करणाऱ्यांत निकोल-रेन लपोत ही स्त्री होती, हे इथे मुद्दाम नोंदवतो. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ पोचला तो १३ मार्चला. 'महिनाभर मागेपुढे' हे शब्द लक्षात ठेवा, मी पुन्हा त्यांच्याकडे येणार आहे.

त्या बुद्धीचा उतारा इतका प्रसिद्ध झाला, की त्यानंतर लगेच येणारं वाक्य कुणी वाचत नाही. खगोलशास्त्रात मानवी मनानं त्या बुद्धीची अगदी अंधुक झलक दाखवली आहे, पण सत्याच्या शोधातले सारे प्रयत्न करूनही मन तिच्यापासून नेहमी अनंत अंतरावरच राहणार, असं तो म्हणतो. आणि थोडं पुढे: हवेच्या एका रेणूचा मार्गही ग्रहांच्या कक्षेइतकाच नियमबद्ध आहे, दोहोंत फरक आहे तो आपल्या अज्ञानाचा. म्हणून संभाव्यता हवी. ती बुद्धी हा त्या निबंधाचा उंबरठा आहे. आपण उंबरठ्यावरच भांडत बसलो आणि घरात कुणी शिरलंच नाही.

इथे विरोधकांचा सर्वांत जोरकस मुद्दा मान्य करायला हवा. विसाव्या शतकात क्वांटम भौतिकीनं दाखवलं की निसर्गातली अनिश्चितता सगळीच आपल्या अज्ञानातून येत नाही. तिच्या रूढ मांडणीनुसार एखादा अणू नेमका केव्हा फुटेल याला दडलेलं कारण नाही. त्याआधीच फ्रेंच गणिती प्वँकारेनं दाखवलं होतं, की अगदी नियमबद्ध व्यवस्थेतही सुरुवातीच्या मापातली क्षुल्लक चूक पुढे अफाट वाढू शकते. लाप्लासची तात्त्विक चौकट या दोन धक्क्यांनंतर जशीच्या तशी उभी राहत नाही, आणि ती राहते असं म्हणणारे भाबडे आहेत. पण यातून पुढची उडी कशी मारता येते? अणू केव्हा फुटेल हे ठरलेलं नाही, म्हणून पत्रिकेतला मंगळ लग्नाला आड येतो, हे कुठल्या न्यायानं? क्वांटम सिद्धांत संभाव्यतेची भाषा बोलतो, आणि ती भाषा घडवणाऱ्यांत लाप्लास आघाडीवर होता. त्याची चौकट मोडली ती हत्यारं बरीचशी त्याच्याच भात्यातली होती.

ती हत्यारं काय करतात याचं एक उदाहरण मला फार जवळचं आहे. १७४५ ते १७७० या काळात पॅरिसमध्ये बाप्तिस्म्याची नोंद झालेले मुलगे २,५१,५२७ होते आणि मुली २,४१,९४५. हा फरक निव्वळ योगायोग असेल का? मुलगा जन्मण्याची शक्यता मुळात निम्मी किंवा त्याहून कमी असून हे आकडे आले असण्याची संभाव्यता लाप्लासनं काढली. दशांश चिन्हानंतर चाळीसहून अधिक शून्यं आल्यावर पहिला अंक उगवतो. इथवर ठीक. पण पुढे त्याला दिसलं, की उरलेल्या फ्रान्समध्ये २१ मुलींमागे २२ मुलगे आहेत आणि पॅरिसमध्ये मात्र २४ मुलींमागे २५. मोठ्या शहरात मुलगे कमी का? हवा, पाणी, अन्न अशी कारणं शोधता आली असती. त्यानं नोंदवह्यांकडे पाहिलं. पॅरिसच्या नोंदींत टाकलेल्या मुलांच्या अनाथालयातली बाळंही मोजलेली होती. खेड्यातले आईबाप मुलगा ठेवून घेत होते आणि मुलगी त्या अनाथालयात सोडत होते. ती बाळं हिशेबातून वगळली तशी पॅरिसचं प्रमाणही २२ ला २१ झालं. निसर्गातला वाटलेला फरक माणसांनी केलेला निघाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. हा आकडा कशामुळे आला हे ज्यांना कळतं, त्यांना लाप्लासनं सुमारे दोनशे वर्षांपूर्वी केलेली ही तपासणी परकी वाटणार नाही. 'हवामानाचा परिणाम असेल' म्हणून गप्प बसणाऱ्यांना उत्तर कसं द्यायचं, ते त्यात आहे.

पण हत्यार हातात आलं की ते हवं तिथे चालवायचा मोह होतो, आणि लाप्लासला तो झाला. साक्षीदाराच्या शब्दाचं वजन किती धरावं, ज्यूरीतल्या किती जणांच्या बहुमतानं शिक्षा व्हावी, यावर त्यानं सूत्रं लावली. जणू साक्षीदार म्हणजे पिशवीतून काढलेले पांढरे-काळे चेंडू. तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलसारख्यांनी याला गणिताची बदनामी म्हटलं आणि ते चूक नव्हते. मात्र आणखी एका गोष्टीवरून त्याची जी थट्टा होते, ती अन्यायाची आहे. पाच हजार वर्षं, म्हणजे १८,२६,२१३ दिवस सूर्य रोज उगवला, तर उद्या तो उगवेल यावर १८,२६,२१४ ला १ अशी पैज लावता येईल, असं त्यानं लिहिलं. हा आकडा सांगून लोक हसतात. पण पुढच्याच वाक्यात तो म्हणतो, की दिवस आणि ऋतू घडवणारं तत्त्व ज्याला ठाऊक आहे आणि त्याला आता काहीही अडवू शकत नाही हे जो जाणतो, त्याच्यासाठी ही शक्यता कितीतरी मोठी आहे. म्हणजे नुसत्या मोजणीपेक्षा समजलेल्या कारणाचं वजन जास्त. हे वाक्य गाळून त्याला मूर्ख ठरवणं आणि पुढचं वाक्य गाळून त्याला राक्षस चिकटवणं, या दोन्हींत मला फरक दिसत नाही.

माझ्या मुद्द्याचं हृदय आता सांगतो. खगोलशास्त्रज्ञ अलेक्सी बूव्हारनं केलेल्या गणितावरून शनीचं वस्तुमान सूर्याच्या ३५१२ वा भाग येत होतं. लाप्लासनं त्यावर आपली सूत्रं चालवून जाहीर केलं, की या उत्तरात शंभरातल्या एका भागाएवढी चूक नाही यावर ११,००० ला १ अशी पैज लावता येईल. आज आपण तो भाग ३४९८ वा मानतो. फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत. पैज जिंकली. गुरूचं वस्तुमान त्याच रीतीनं सुमारे १०७० वा भाग आलं, आणि या वेळी तर पैज दहा लाखांना एक होती. खरा भाग १०४७ वा आहे. चूक दोन टक्क्यांहून अधिक. दहा लाखांना एक लावलेली पैज लाप्लास हरला.

त्याच्या चरित्रातली ही हार मला त्याच्या कुठल्याही विजयाइतकी मोलाची वाटते. लघुग्रहांच्या कक्षा आणि गुरूच्या चंद्रांची नवी मोजमापं यांवरून पुढच्या काही वर्षांतच आकडा चुकल्याचं उघड झालं. ते उघड होऊ शकलं, कारण त्यानं आपली खात्री किती आहे हे लिहून ठेवलं होतं. त्याचं सूत्र धरून चालतं, की निरीक्षणांतल्या चुका एकमेकींपासून स्वतंत्र असतात, काही इकडे, काही तिकडे, आणि बेरजेत त्या एकमेकींना खातात. सगळ्याच निरीक्षणांत एकाच दिशेनं शिरलेली चूक असेल, किंवा मूळ सिद्धांतातच काही राहून गेलं असेल, तर सूत्र ते पकडत नाही आणि खोटी खात्री देतं. आज मतदानपूर्व चाचण्या सपशेल चुकतात तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण म्हणतो. 'येत्या काळात सत्ताबदलाचे योग आहेत', 'हे औषध बऱ्याच जणांना लागू पडतं', 'हे धरण पूर्ण सुरक्षित आहे' ही सगळी झाकल्या मुठीची भाषा आहे. तिच्यात हरण्याची सोयच ठेवलेली नाही, म्हणून तिच्यातून कुणी काही शिकत नाही. लाप्लासनं मूठ उघडली, आत सव्वा लाख नव्हते हे एकदा दिसलंही, आणि पुढच्यांना कुठे शोधायचं ते कळलं.

तो माणूस म्हणून थोर होता का? मला तसं म्हणता येत नाही. क्रांतीच्या दहशतीच्या काळात खगोलशास्त्रज्ञ बायी आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए गिलोटिनखाली गेले तेव्हा तो पॅरिस सोडून मलंला राहत होता. तो दोष मी देणार नाही, जीव वाचवणं हा गुन्हा नव्हे. पण नेपोलियननं त्याला गृहमंत्री केलं, सहा आठवड्यांत काढलं, वर सरदारकी दिली. त्याच नेपोलियनला पदच्युत करण्याच्या बाजूनं त्यानं १८१४ मध्ये सिनेटात मत दिलं आणि ग्रंथाच्या नव्या आवृत्तीतून त्याला केलेली अर्पणपत्रिका काढून टाकली. बुर्बों राजांनी त्याला मार्क्विस केलं. दुसऱ्यांच्या कामाचा उल्लेख करण्यातही तो कंजूष होता. हे सारं खरं आहे. पण शनीचं वस्तुमान राजसत्तेप्रमाणे बदललं नाही, आणि आपण इथे त्याची पद्धत तोलतो आहोत.

ती पद्धत त्याच्या मोहापेक्षा मोठी होती याचा पुरावा भारताशीच जोडलेला आहे, आणि तिसऱ्या साक्षीचं उत्तरही त्यातच आहे. दहा चिन्हं आणि स्थानिक किंमत यांविषयीचे त्याचे कौतुकाचे उद्गार खरे आहेत. विश्वरचनेवरच्या आपल्या लोकसुलभ ग्रंथात, ही युक्ती भारतातून आली, ती इतकी सोपी आहे की तिचं मोल आपल्याला जाणवत नाही, असं तो म्हणतो. पण त्याच ग्रंथात भारतीय ग्रहकोष्टकांबद्दलही लिहिलेलं आहे. ते वाक्य कुणी पाठवत नाही. दक्षिण भारतातून फ्रान्सला पोचलेल्या कोष्टकांवरून बायीनं असं प्रतिपादन केलं होतं, की ख्रिस्तपूर्व ३१०२ मध्ये, म्हणजे आपल्या पंचांगात कलियुगाचा आरंभ धरतात त्या वेळी, भारतात प्रत्यक्ष वेध घेतले जात होते. लाप्लासला सुरुवातीला याची भुरळ पडली. १७८७ मध्ये त्यानं जाहीर केलं, की आपल्या गुरू-शनीच्या सिद्धांतानं त्या काळची शनीची वार्षिक गती काढली तर ती भारतीय कोष्टकाशी एका विकलेच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) फरकानं जुळते, गुरूची तर तंतोतंत. आपलाच ताजा सिद्धांत पाच हजार वर्षांपूर्वीच्या वेधांनी खरा ठरतो आहे, यापेक्षा मोठा मोह कोणता?

तरी पुढे त्यानं हा दावा सोडला. त्या कोष्टकांत दोन आरंभकाळ होते, एक ख्रिस्तपूर्व ३१०२ चा आणि दुसरा इसवी सन १४९१ चा. सूर्य, चंद्र आणि ग्रहांच्या गतींनी ते एकमेकांना असे बांधलेले होते की त्यांतला एक कल्पित असलाच पाहिजे. शिवाय कोष्टकं आरंभी सगळे ग्रह एका ठिकाणी धरतात आणि तशी युती प्रत्यक्षात झालेली नव्हती. सुमारे नऊशे वर्षांनी गती पुन्हा त्याच टप्प्यावर येत असेल, तर एका काळाशी जुळलेला आकडा दुसऱ्याही काळाशी जुळणार, हे तर त्याच्याच शोधातून निघतं. भारतीय कोष्टकांमागे बरंच प्रगत गणित आहे, पण ती फार प्राचीन नसावीत, असं त्यानं लिहिलं. ज्यांना त्याचं पहिलं वाक्य अभिमानानं सांगायचं आहे त्यांनी दुसरंही सांगावं. पहिल्याचं वजन दुसऱ्यामुळे वाढतं. पुरावा नसताना ज्यानं गोड निष्कर्ष नाकारला, त्याची स्तुती खरी मानायला जागा आहे.

आणि आपण? दर वर्षी एप्रिलमध्ये हवामान खातं मोसमी पावसाचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज देतं. त्यामागचं बरंचसं काम पुण्यात होतं. २०२४ मध्ये सरासरीच्या १०६ टक्के, पाच टक्के कमीजास्त, असा अंदाज होता आणि देशाचा पाऊस सुमारे १०८ टक्के झाला. 'पाच टक्के कमीजास्त' हे शब्द क्लेरोच्या महिन्याचे आणि लाप्लासच्या पैजेचे थेट वारस आहेत, आणि बातमीच्या मथळ्यात पहिल्यांदा तेच गळतात. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला देशाच्या सरासरीचा उपयोग नाही, त्याला आपल्या मंडळात पेरणीनंतरचे पंधरा दिवस हवे असतात, ही तक्रार पूर्णपणे रास्त आहे. पण तिच्यावरचा उपाय 'खात्याला काय कळतंय, पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बघा' हा कसा असेल? वाहन बेडूक की मोर, याला कमीजास्त नसतं. ते चुकलं हे ठरवायचं कसं, हेच कुणाला सांगता येत नाही. खात्याकडे मागायचं तर हे मागावं: आमच्या तालुक्यासाठी किती शक्यता, आणि गेल्या दहा वर्षांत तुम्ही ७० टक्के म्हणालात तेव्हा दहापैकी किती वेळा पाऊस आला? देवावरच्या वादात खर्च होणारा आवेश यातल्या चार प्रश्नांवर खर्च झाला तर मला आनंद होईल.

सूर्यमाला कायम टिकेल का, हा न्यूटनला छळणारा प्रश्न आपण सोडवला, असं लाप्लासला वाटलं होतं. त्याचं गणित मर्यादित अचूकतेचं होतं, हे पुढे स्पष्ट झालं. १९८९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ झाक लास्कार यांनी, लाप्लास ज्याच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होता त्या पॅरिसच्या ब्युरो दे लोंजित्यूद या खगोलगणिताच्या संस्थेत काम करताना दाखवलं, की आतल्या ग्रहांची गती काही कोटी वर्षांपलीकडे नेमकी सांगताच येत नाही. मग त्यांनी मिकाएल गास्तिनो यांच्यासह सूर्यमालेची २,५०१ भविष्यं संगणकावर पाच अब्ज वर्षांपर्यंत चालवून पाहिली. प्रत्येकाच्या सुरुवातीला बुधाच्या कक्षेत अगदी बारीकसा फरक ठेवला. २००९ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. सूर्यमाला टिकेल की नाही, याचं उत्तर हो किंवा नाही असं आलं नाही. बुधाची कक्षा बिघडून त्याची टक्कर होण्याइतकी लांबट होण्याची शक्यता सुमारे एक टक्का, असं आलं.